झाडाचे घर आणि आमचे अठरा खण

जेद्दा शहराच्या जुन्या भागात, अल-बलदमध्ये, एक घर आहे. त्याचे नाव 'बैत नसीफ', म्हणजे नसीफ यांचे घर. पण जुने जेद्दावासी त्याला 'झाडाचे घर' म्हणत. दारापाशी एक मोठे झाड आहे, म्हणून. एके काळी सबंध जुन्या शहरात तेवढे एकच झाड होते असे सांगतात. साहजिकच कोणालाही पत्ता सांगायचा तर त्या झाडापासून सुरुवात व्हायची. आणि जवळ जाऊन पाहावे तर हे झाड निघते कडुलिंबाचे!

आपल्याकडून हजला, उमऱ्याला जाणारी कितीतरी माणसे जेद्द्याच्या विमानतळावर उतरतात आणि तिथून थेट मक्केची बस धरतात. जेद्दा पाहायचे राहूनच जाते. माझेही राहिले असते. आमचा मुलगा तिथे नोकरीला आहे, म्हणून उमरा झाल्यावर चार दिवस त्याच्याकडे राहिलो आणि एके दिवशी असरच्या नमाजनंतर तो आम्हाला अल-बलदला घेऊन गेला. अलहम्दुलिल्लाह, ते घर पाहायला मिळाले. त्यावर लिहावे असे वाटले, कारण त्याच सुमारास वडूजला आमच्या माहेरच्या घराच्या वाटण्यांचा विषय निघालेला होता. त्यामुळे मी ते घर नुसत्या प्रवाशाच्या नजरेने पाहिले नाही.

हे घर १८७२ ते १८८१ या काळात बांधले गेले. बांधणारे उमर नसीफ एफेंदी, जेद्द्यातले बडे आसामी. तेव्हा हिजाजवर उस्मानी तुर्कांची सत्ता होती. त्याआधी तीनच वर्षे, १८६९ साली, सुएझचा कालवा खुला झाला होता. आगबोटी वाढल्या, हाजी वाढले, व्यापार वाढला आणि जेद्द्यात पैसा आला. त्या पैशातून ही उंच, पांढरी, लाकडी सज्जांची घरे उभी राहिली. आपल्या मुंबईचाही त्यात वाटा आहे. हिंदुस्थानातले हाजी मुख्यतः मुंबई बंदरातून जात. माझे दादा (वडिलांचे वडील) गेले तेही मुघल लाइनच्या बोटीने. वडूजहून मुंबई, मुसाफिरखान्यात मुक्काम, मग आठ-दहा दिवस समुद्र, आणि उतरायचे ते जेद्द्याला. ही समुद्रवाट १९९५ साली बंद झाली. दादांनी त्या गल्ल्यांतून पाय टाकले असतील तेव्हा हा कडुलिंब तिथे असणार, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

कडुलिंब मूळचा आपल्या उपखंडाचा. तेव्हा त्याचे बी किंवा रोप समुद्र ओलांडूनच तिकडे गेले. आज अरफातच्या मैदानावर हाजींच्या सावलीसाठी हजारो कडुलिंब लावलेले आहेत, ते पुष्कळांनी पाहिलेले असतात. पण जुन्या जेद्द्यात झाड जगवणे ही साधी गोष्ट नव्हती. पाण्याची तिथे इतकी टंचाई की घरांच्या पोटात हौद असत आणि पावसाचे पाणी त्यात साठवून वर्षभर पुरवीत. खटाव-माणमध्ये वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. प्यायला पाणी नाही तिथे झाडाला पाणी घालायचे म्हणजे ती श्रीमंती तरी असते, नाहीतर जिद्द.

आता घराकडे वळू. भिंतींचा दगड कोणता असेल? प्रवाळ! तांबड्या समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकातून कापून काढलेला दगड. तो हलका, सच्छिद्र आणि कापायला सोपा, पण मऊ. नुसता एकावर एक रचत गेले तर खालचे थर भार सोसत नाहीत. म्हणून जेद्द्याच्या गवंड्यांनी एक युक्ती केली. थोड्या थोड्या उंचीवर भिंतीत आडव्या लाकडी तुळया घालायच्या. वरचा भार त्या तुळईवर समान पसरतो, खालची जमीन कुठे खचली तरी भिंत एकदम तडकत नाही. वरून चुन्याचा गिलावा. बाहेरून पाहिले तर पांढऱ्या भिंतीवर या तुळयांच्या आडव्या रेघा दिसतात. मला आधी ती नक्षीच वाटली. मुलाने सांगितले, "अम्मी, ती नक्षी नाही, तो घराचा कणा आहे."

आणि लाकूड? हिजाजमध्ये असे लाकूड कुठले? ते समुद्रमार्गे यायचे, बरेचसे आपल्याकडून. सागवानाला अरबीत 'साज' म्हणतात. हा शब्दही लाकडाबरोबरच आपल्याकडून तिकडे गेला. संस्कृत शाक, आपला साग, अरबांचा साज. प्रवाळ त्यांच्या समुद्राचा आणि साग आपल्या जंगलाचा. ही दोन्ही एका भिंतीत बसली आहेत.

या सागाचे खरे वैभव दिसते ते खिडक्यांत. भिंतीच्या बाहेर आलेले, वरपासून खालपर्यंत जाळीकाम केलेले लाकडी सज्जे. त्यांना तिथे 'रोशन' म्हणतात, अनेकवचन 'रवाशीन'. आपल्या रोशनदानाचाच हा भाऊबंद. कैरोकडे अशाच जाळीच्या सज्जाला 'मशरबिया' म्हणतात. तो शब्द 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून आला, ज्यापासून आपले सरबतही आले. कारण त्या सज्जात पाण्याची मातीची भांडी ठेवीत. जाळीतून येणारा वारा भांड्यांवरून जायचा, पाणी गार व्हायचे आणि खोलीही गार व्हायची. वीज नाही, पंखा नाही, आणि बाहेर जेद्द्याचा दमट उन्हाळा. आपल्या खिडकीत माठ ठेवणाऱ्या आजीला हे शास्त्र ठाऊक होतेच. त्यांनी ते घराच्या बांधणीतच घातले.

पडद्यासाठी जाळी, एवढेच आपण नेहमी ऐकतो. बायकांना कोंडून ठेवायला या जाळ्या, असे म्हणणारे म्हणतात. आणि बायकांची इज्जत झाकायला, असे दुसरे म्हणतात. मी आत उभी राहून पाहिले तेव्हा मला दोघांचेही अर्धेच वाटले. बाहेर ऊन आणि आत मंद उजेड असला की बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. पण आतल्याला गल्लीचा कोपरान् कोपरा दिसतो. सज्जा भिंतीच्या बाहेर आलेला असल्याने समोरचेच नव्हे, डावी-उजवीकडचेही दिसते. कोण आले, कोण गेले, भाजीवाल्याने कोणाला किती तोलून दिले, सगळे. त्या सज्जात बसायला बैठक असते. तिथे बसणारी बाई लपलेली होती हे खरे, पण गल्लीवर नजर तिचीच होती.

घराची आतली रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. उस्मानी काळातल्या मोठ्या घरांत पाहुण्यांचा भाग वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा. तुर्कीत पहिल्याला सलामलिक आणि दुसऱ्याला हरमलिक म्हणत. जेद्द्यात तळमजल्यावर पाहुण्यांची ऊठबस, व्यवहाराची बोलणी. वरच्या मजल्यांवर कुटुंब. आणि अगदी वर गच्ची, उन्हाळ्यात रात्री झोपायला. प्रवेशाच्या जागेला दिहलीज म्हणतात. आपल्या बोलण्यातली दहलीज तीच. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय शिरू नये असा आदेश आहे. अशी घरे पाहिली की वाटते, त्या आदेशाला गवंड्याने दगड-लाकडाचे रूप दिले आहे. दारातून एकदम घराचे पोट दिसत नाही. पाहुण्याला थांबायला जागा आहे आणि घरच्यांना सावरायला वेळ आहे.

जिन्याच्या पायऱ्या रुंद आणि अगदी कमी उंचीच्या आहेत. स्वयंपाकघर वर असल्याने सामान लादलेले उंट या जिन्याने वरपर्यंत जात, असे सांगतात. आमच्या मिस्टरांचा यावर विश्वास बसला नाही. मला मात्र तो जिना चढताना गुडघे दुखले नाहीत, तेव्हा उंटाचे माहीत नाही, पण सासूबाईंच्या वयाच्या बायकांसाठी तो उत्तम आहे.

१९२५ च्या डिसेंबरात अब्दुलअझीझ इब्न सौद जेद्द्यात आले तेव्हा याच घरी उतरले. इतिहासाच्या पुस्तकात या घराचे नाव येते ते मुख्यतः त्यासाठी. मला त्याहून मोठी वाटली ती नंतरची गोष्ट. या घराण्यातले मुहम्मद नसीफ हे पुस्तकांचे वेडे. त्यांनी इथे हजारो पुस्तके जमवली आणि ती कुलपात ठेवली नाहीत. येईल त्याला वाचायला घर उघडे होते. ती पुस्तके पुढे तिथल्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठाकडे गेली आणि घराची डागडुजी होऊन ते पाहण्यासाठी, कार्यक्रमांसाठी ठेवले गेले. अल-बलदमधली बाकीची घरे इतकी नशीबवान ठरली नाहीत. १९४७ साली शहराची तटबंदी पाडली गेली, श्रीमंत कुटुंबे हळूहळू बाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली, जुन्या घरांत खोली-खोलीने भाडेकरू आले. दुरुस्ती कोण करणार? खारा वारा प्रवाळ खातो, वाळवी साग खाते. पुष्कळ घरे बसली. २०१४ साली युनेस्कोने जुन्या जेद्द्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, पण तोवर बरेच काही हातचे गेले होते.

वडूजकराला म्युझियम म्हटले की आधी औंध आठवते. शाळेची सहल ठरलेली. पण औंधचे संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय म्हणूनच बांधले. तिथे कोणी रांधले-निजले नाही. राहत्या घराचे स्मारक झालेले पाहायचे तर आपल्याच जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. सावित्रीबाई फुले यांचा ३ जानेवारी १८३१ रोजी जन्म झाला ते घर, म्हणजे त्यांचे माहेर. मी शिक्षिका होते तेव्हा मुलींना घेऊन तिथे गेले आहे. इतक्या साऱ्या राजवाड्यांच्या आणि गढ्यांच्या देशात एका बाईचे माहेर जपले गेले, याचे मला तेव्हाही अप्रूप वाटले होते.

आमचे माहेर कोणी जपणार नाही. ते माळवदाचे, अठरा खणांचे घर आहे. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. जुन्या लोकांचे घर मोजण्याचे माप तेच. जोत्याचा दगड, त्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला, सारा भार खांबांवर. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात मागची भिंत फाटली, पण खांब हलले नाहीत, हे अब्बा नेहमी सांगत. जेद्द्याच्या भिंतीतल्या तुळया पाहताना मला तेच आठवत होते. लाकूड लवते आणि लवते म्हणून टिकते.

आमच्याकडे सलामलिक नव्हते, सोपा होता. सोप्यात पुरुषांची बैठक, मागे माजघर. या दोहोंमधल्या भिंतीत वितभर लांब-रुंद एक झरोका होता. खरे तर तो उजेडासाठी. पण सोप्यात जमिनीची, लग्नाची, उसनवारीची बोलणी चालत तेव्हा दादीमा त्या झरोक्यापाशी तांदूळ निवडत बसायच्या. मधेच त्या खाकरायच्या. दादा बोलता बोलता थांबायचे, "पाणी घेऊन येतो," म्हणून आत यायचे आणि बाहेर जाऊन वेगळेच बोलायचे. पाहुण्यांनाही हे ठाऊक होते. एकदोघे तर झरोक्याकडे तोंड करूनच बोलायचे! दुपारी पुरुष गेले की तोच सोपा दादीमांचा व्हायचा. आळीतल्या मुली कायदा आणि कुरआन शिकायला यायच्या. त्यात मराठी अक्षरेही गिरवून व्हायची.

अब्बा आणि अम्मी दोघेही अल्लाहला प्यारे झाले आणि मागे आम्ही चौघे राहिलो: दोन भाऊ, दोन बहिणी. भाईजानचे म्हणणे सरळ होते. दरवर्षी पावसाआधी माळवदावर माती टाकून चोपायची, तरी गळतेच. माणसे मिळत नाहीत. १९९३ साली किल्लारीला मातीच्या ओझ्याखाली किती माणसे गेली ते आठवते ना? पाडू, स्लॅबचे बांधू, रस्त्याकडेला गाळे काढू. यातले काहीही खोटे नव्हते. मी त्या घरात राहत नाही. गळणारी रात्र ते काढतात. जुने घर किती छान, असे पक्क्या छताखाली बसून म्हणणाऱ्यांचा मलाही राग येतो.

खटकले ते दुसरेच. उमऱ्याला निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरी एक कागद आला. हक्कसोडपत्र. मी आणि आपाने सही करायची. "बहिणींनी सोडायचाच असतो हक्क," भाभी म्हणाल्या, "माहेर तुटू नये म्हणून." आपल्या समाजात हे सर्रास चालते. निकाहात, नमाजात, खाण्यापिण्यात शरियत पाहणारी माणसे वाटणीच्या दिवशी एकदम गावचा रिवाज काढतात. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असा स्पष्ट ठरवून दिलेला आहे. निम्मा का, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात; तो निम्मा तरी हातात दिला का, हे विचारणारे कमी. देशाच्या १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, पण राहत्या घराला तो लागू आहे. म्हणजे दीनही आमच्या बाजूने आणि कायदाही. आड येतो तो फक्त संकोच.

जेद्द्याहून परतल्यावर मी भाईजानना म्हटले, "भाईजान, सही करते, पण हक्क सोडल्याची नाही, हक्क घेतल्याची."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैशात सांग किती ते. घर तोडून देऊ का तुला?"

"तोडायचेच आहे ना तुम्हाला? मग न तोडता थोडे द्या."

हिशेब अवघड नाही. दोन भाऊ, दोन बहिणी म्हणजे सहा वाटे. अठरा खणांत भावांचे सहा-सहा, बहिणींचे तीन-तीन. जुन्या लोकांनी घर खणांत मोजले, त्यामुळे फराइजची वाटणी बोटांवर होते. आपाचे आणि माझे मिळून सहा खण, आणि सोपाही नेमका सहा खणांचा. मी तोच मागितला. इथे भाईजानचे म्हणणे रास्त निघाले: सोपा रस्त्यावर आहे, मागच्या खणाची आणि त्याची किंमत एक कशी? धाकट्या भावाने त्याला दुजोरा दिला. आम्ही ते मानले. दोन-तीन बैठका, एकदा आपाचे कऱ्हाडहून येऊन रडणे, एकदा माझे उठून जाणे, असे होत होत सोप्याचे चार खण आमचे ठरले. उरलेल्या दोन खणांत त्यांचे गाळे होतील, मागे स्लॅबचे घर. चार खणांत आम्हाला म्युझियम करायचे नाही. काचेच्या कपाटात ठेवण्यासारखे आमच्याकडे आहे तरी काय, एक पितळी बदना आणि दादांची बोटीवरची पेटी! मुलींसाठी अभ्यासिका करायची आहे. दहावी-बारावीच्या किती मुलींना घरात वही पसरायला जागा नसते, हे मी तीस वर्षे शिकवताना पाहिले आहे. भाईजानची नातच पहिली येणार आहे, असे तिने परस्पर जाहीरही करून टाकले.

गवंडी येऊन गेला. प्रत्येक खांबात सुरी टोचून पाहिली. आमच्या वाट्यातले खांब बहुतेक धड आहेत, दोन मात्र बुडाशी वाळवीने पोकळ केलेत. तेवढा भाग कापून तळखडा उंच करू म्हणाला. माळवदाची माती उतरवायचीच, त्याबद्दल माझाही हट्ट नाही. हलके छप्पर घालू.

सोपा आणि माजघरामधली भिंत आता सामाईक होईल. पलीकडे भाईजानचे नवे घर, अलीकडे आमच्या मुली. त्या भिंतीतला झरोका बुजवायचा नाही, एवढे एक वाक्य मी वकिलांना सांगून वाटणीपत्रात घालून घेतले आहे.